मुंगीला अंग असतं

मास्तर कधीच कुठल्या शाळेत नोकरीला नव्हते. ते होते विमानांना वाट आखून देणाऱ्या कचेरीत. डोंगरातल्या छोट्या दवाखान्यांतून रुग्ण उचलायचे आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात आणायचे, असं काम करणारी चार लहान विमानं होती. त्यांनी कुठून, कसं जायचं हे ठरवणारा प्रोग्राम मास्तरांनी लिहिलेला. पण कोणाला काही समजावून सांगायची वेळ आली की त्यांचा चेहरा असा उजळायचा, की शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळी कचेरी त्यांना मास्तरच म्हणे. खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं.

दर रविवारी सकाळी गल्लीतली पाचसहा मुलं त्यांच्या घराच्या पायऱ्यांवर जमायची. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि खोडरबर, एवढंच साहित्य. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मुंगी, वरच्या कोपऱ्यात साखरेचा दाणा, आणि मध्ये काळे केलेले चौकोन. ती पाण्याची डबकी. मुंगीला न भिजता साखरेपर्यंत न्यायचं.

"कुठल्या घरात आधी पाऊल टाकायचं ते कसं ठरवणार?" मास्तर विचारायचे. गेली तीस वर्षं तोच प्रश्न, तसाच एक भुवई वर करून.

"चाललेलं अधिक उरलेलं," मुलं एका सुरात म्हणायची.

"चाललेलं म्हणजे?"

"इथवर किती पावलं आलो ते. मोजून."

"आणि उरलेलं?"

"अंदाजाने. डबकी नाहीतच असं समजून सरळ मोजायचं."

"मग बेरीज करायची, आणि सगळ्यांत कमी बेरजेचं घर आधी बघायचं. बरोबर. अंदाज चुकला तर?"

"चुकू दे. पण कमी धरायचा, जास्त नाही."

"का रे?"

"जास्त धरला तर चांगली वाट न बघताच सोडून देऊ."

एवढं झालं की कोणीतरी नवीन पोर हमखास एक चलाखी करायचं. दोन डबकी फक्त टोकाला टोक लावून बसलेली असली, की त्या टोकांच्या मधून मुंगीला तिरकं काढायचं. वाट झटकन छोटी व्हायची. मग मास्तर पेन्सिल हातात घ्यायचे, त्या दोन टोकांच्या मध्ये टेकवायचे आणि म्हणायचे, "इथे किती जागा आहे? काहीच नाही. हा नुसता ठिपका आहे. ठिपक्यातून ठिपका जाईल, मुंगी कशी जाईल? मुंगीला अंग असतं."

मुलं हसायची. कोणी पोट आत ओढून, अंग चोरून दोन मुलांच्या मधून जाऊन दाखवायचं. पण नियम एकदा डोक्यात बसला की बसला.

कचेरीतल्या प्रोग्राममध्ये मास्तरांनी हाच नियम घातला होता. तिथे मुंगीच्या जागी विमान, आणि डबक्यांच्या जागी गारांचे ढग, उंच सुळके आणि तोफांच्या सरावाचं मैदान. नकाशाचे पाच-पाच किलोमीटरचे चौकोन पाडलेले. जिथे धोका तो चौकोन काळा. दोन काळ्या चौकोनांच्या टोकांमधून वाट काढायची नाही, हे सांगणाऱ्या ओळीला त्यांनी नावच दिलं होतं 'अंग'. कचेरीतल्या सगळ्यांना ते नाव ठाऊक होतं आणि आवडायचंही.

बारा दिवसांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी चार वाजता मास्तरांनी एका कागदावर सही केली होती. कागदावर एकच ओळ होती. 'दिलेला मार्ग तपासला, दोष आढळला नाही.'

तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

त्या मंगळवारी काय झालं ते आधी सांगायला हवं. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात पाय मोडलेला एक म्हातारा रुग्ण होता. त्याला आणायला एक विमान निघालं. चालवत होती भिंगरी. वैमानिक म्हणून तिचं नाव वेगळं होतं, पण मास्तरांच्या गल्लीत ती भिंगरीच, कारण लहानपणी ती एका जागी बसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या शिंपीणबाईंची मुलगी. मास्तरांच्या पायऱ्यांवर आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत एकही रविवार न चुकवता आलेली. वैमानिक झाली तेव्हा पेढे वाटावेत तशी साखर वाटली होती तिने गल्लीत, आणि मास्तरांच्या तळहातावर मोजून एकच दाणा ठेवला होता. "मुंगी पोचली, काका."

त्या दिवशी तिच्याबरोबर विमानात एक परिचारिका होती. वाटेत गारांचे दोन ढग होते. प्रोग्रामने आखलेली रेषा त्या दोघांच्या मधून गेली होती. विमानाच्या छोट्या पडद्यावरही मधली फट दिसत होती, बारीक, पण दिसत होती. रेषा मास्तरांची, म्हणून भिंगरी गेली. फटीत शिरल्यावर समोर एकदम पांढरी भिंत आली. तिने विमान डावीकडे फिरवलं. तोवर गारांनी पुढची काच फुटली होती. विमान तिने खाली आणलं, ते कसं आणलं ते तिचं तिला माहीत. काचेचा एक तुकडा परिचारिकेच्या उजव्या डोळ्यात गेला.

नोंदीत दिसत होतं की विमान रेषेपासून तीन किलोमीटर बाजूला गेलं होतं. लोकांनी सरळ अर्थ काढला. रेषा सोडली म्हणून गारांत सापडली. भिंगरीचं उडणं थांबवलं गेलं आणि चौकशी लागली. मोठ्या बाई, म्हणजे मार्गांच्या कचेरीच्या प्रमुख, धावत मास्तरांच्या टेबलाशी आल्या होत्या. "मास्तर, वरून विचारतायत. आपला मार्ग ठीक होता ना?"

"ठीकच असणार."

"मग तसं लिहून द्या. आत्ता."

मास्तरांनी लिहून दिलं. तपासलं मात्र नव्हतं.

तपासलं दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरीत कोणी यायच्या आत. मार्ग पडद्यावर आणला आणि रेषा दोन काळ्या चौकोनांच्या टोकांमधून गेलेली पाहिली तेव्हा त्यांना आधी वाटलं, चष्मा पुसायला हवा. त्यांनी खरोखरच चष्मा पुसला. मग प्रोग्राम उघडला. 'अंग'ची ओळ बंद होती. शेजारी त्यांच्याच हातची टीप होती, तीन महिन्यांपूर्वीच्या तारखेची. 'अंग तात्पुरतं काढलं.'

आणि मग सगळं आठवलं. आठवलं म्हणणंही खोटंच, कारण ते विसरले कधीच नव्हते. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी आभाळ असं काही भरलं होतं की प्रोग्राम सारखा एकच उत्तर देत होता, 'मार्ग नाही.' एका बाळंतिणीला आणायचं होतं. दवाखान्यातून दर पाच मिनिटांनी फोन येत होता. बाई मागे उभ्या राहून म्हणत होत्या, "मास्तर, काहीतरी करा हो." मास्तरांनी 'अंग' काढलं. मार्ग आला. ते विमान सुखरूप गेलं आणि सुखरूप आलं, कारण त्या दिवशी ढग आपणहून सरकले. बाळंतीण वाचली, बाळ वाचलं. कचेरीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उद्या परत लावू, असं मास्तर स्वतःशी म्हणाले होते.

पण दुसऱ्या दिवसापासून 'मार्ग नाही' हे उत्तर जवळजवळ येईनासं झालं. वैमानिक खूश, दवाखाने खूश. आठवड्याच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "मास्तरांनी प्रोग्रामला काय खायला घातलंय कोण जाणे, हल्ली नाही म्हणतच नाही." सगळे हसले. मास्तरही हसले. त्या हसण्याची मास्तरांना गोडी लागली. एरवी त्यांचं काम कोणाच्या नजरेत येत नसे. विमान पोचलं की कौतुक वैमानिकाचं, रुग्ण वाचला की डॉक्टरचं. या वेळी पहिल्यांदाच लोक त्यांच्या टेबलाशी येऊन पाठीवर थाप मारत होते. उद्या लावू, परवा लावू, असं करत तीन महिने गेले.

त्या सकाळी त्यांनी 'अंग' चालू केलं आणि मंगळवारचाच मार्ग पुन्हा काढला. प्रोग्रामने ढगांना दक्षिणेकडून वळसा घालून नीट वाट दिली. नऊ मिनिटं जास्त लागली असती.

त्यांनी पडदा बंद केला. कोणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी चौकशीची बैठक होती, आणि आज रविवार. मुलं पायऱ्यांवर जमली होती. मास्तरांनी कागद वाटले आणि चाललेलं-उरलेलं म्हणून घेतलं, पण आज भुवई काही वर जात नव्हती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि भिंगरी आत आली. घरचे साधे कपडे, केस कसेतरी बांधलेले.

"सुट्टीवर आहे सक्तीच्या," ती म्हणाली. "म्हटलं बघू, माझी जागा कोणी पळवली का." आणि ती खालून तिसऱ्या पायरीवर मुलांमध्ये जाऊन बसली. ती तिची जुनी जागा.

मास्तरांची बायको चहा घेऊन आली. "अगं, किती वाळलीस. आईला म्हणावं, लेकीचे कपडे आता आतून शिवून घट्ट कर."

"ती तेच म्हणते काकू, की मापं घ्यायला उभीच राहत नाही तू."

चौकटीच्या कागदावर एक सात-आठ वर्षांची मुलगी जीभ बाहेर काढून वाट आखत होती. दोन डबकी टोकाला टोक लावून बसलेली होती. मुलीची पेन्सिल तिथे आली, थबकली, आणि हळूच मधून तिरकी निघाली.

मास्तरांनी पाहिलं. म्हणायला तोंड उघडलं. पण चष्मा काढून पुसू लागले.

"ए ठमे," भिंगरी तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "तिथून नाही जायचं. मुंगीला अंग असतं." आणि मास्तरांकडे बघून हसली. "बघा काका, अजून पाठ आहे."

मास्तर वाकून खाली पडलेला खोडरबर शोधू लागले. खोडरबर पडलाच नव्हता.

मुलं गेल्यावर भिंगरी कप हातात घेऊन थोडी बसली. उन्हाचा पट्टा तिच्या चपलांपर्यंत आला होता.

"उद्या सांगून टाकते सगळं," ती म्हणाली.

"काय सांगून टाकतेस?"

"की माझं चुकलं. बारा दिवस डोकं खाजवतेय. पांढरं दिसलं आणि मी घाबरून वळले. रेषेवर राहिले असते तर निघाले असते पलीकडे. तुमची रेषा होती ना ती. तुमची रेषा कधी चुकलीय?" तिने चहाचा तळ हलवला. "काल सिस्टरला भेटून आले. तिला त्या डोळ्याने नुसता उजेड दिसतो. ती मला म्हणते, तू वाचवलंस. मी काय सांगू तिला? लायसन गेलं तर जाऊ दे. पण आपल्या चुकीवर पांघरूण घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय. खोडायचं असेल तर सगळ्यांसमोर खोडा, म्हणायचात."

मास्तरांनी मनात मोजलं. सांगायला एक वाक्य लागेल. 'चूक तुझी नाही, माझी आहे.' पाच-सहा शब्द. सरळ रेषेत मोजलं तर ओठांपासून तिच्या कानापर्यंत दोन हात अंतर. त्यांनी श्वास घेतला.

"चहा घेतेस?" ते म्हणाले.

भिंगरी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग हातातल्या कपाकडे. "घेतला की, काका," ती मऊ आवाजात म्हणाली, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं. आणि उठली.

फाटक लागल्यावर बायको दारात आली. "तिला चहा विचारलात? कप तिच्या हातात होता."

"लक्षात नाही आलं."

"बारा दिवस तुमच्या काही लक्षात येत नाहीये. परवा भाजीत मीठ नव्हतं, चाटूनपुसून जेवलात. काय झालंय?"

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. पायरीवर बसून, खाली बघत, हातातल्या कागदाच्या घड्या घालत. काढलेलं अंग, टाळ्या, सही, नऊ मिनिटं. सांगून झाल्यावर ती काहीतरी म्हणेल म्हणून थांबले. तिने त्यांच्या हातातला घड्या घातलेला कागद काढून घेतला. मग म्हणाली, "विमानाचं अंग काढलंत, आणि आता स्वतःचं काढून घेताय."

"तसं नाही गं."

"कसं आहे मग? त्या पोरीने आपल्या ताटात जेवून अभ्यास केलाय."

"उद्या बोलेन म्हणतो."

"परत कधी लावणार होतात ते अंग? तेही उद्याच ना?" ती आत वळली आणि उंबऱ्याशी थांबली. "आणि एक सांगते. तिला सांगायचं ते मला सांगून हलकं व्हायचं नाही. मी काही सोडवणार नाही तुम्हाला यातून."

त्या दिवशी ती त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. जेवायला वाढलं तेव्हा मीठ बरोबर होतं.

सोमवारी सकाळी मास्तर कचेरीत पोचले तेव्हा जिन्याखाली मोठ्या बाई वाट बघत होत्या. "मास्तर, फार बोलायचं नाही. तुमचं ते वाक्य चांगलं आहे. 'दोष आढळला नाही.' तेवढंच वाचायचं आणि बसायचं."

"बाई, मला जरा तुमच्याशी..."

"नंतर." बाईंनी हात वर केला. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं आणि नजर पटकन घड्याळाकडे वळवली. मास्तरांना कळलं, बाईंना माहीत नव्हतं, आणि माहीत करूनही घ्यायचं नव्हतं.

बैठकीची खोली लांबट होती. एका टोकाला चौकशी अधिकारी बसले होते, कानात यंत्र घातलेले वयस्कर गृहस्थ, समोर पाण्याचा पेला. भिंतीवर पांढरा फळा. एका बाजूला भिंगरी, गणवेशात, पाठ ताठ. तिच्या शेजारी परिचारिका. तिच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती, आणि समोरचा पेला उचलताना तिचा हात पेल्याच्या थोडा अलीकडेच मिटला. मग तिने चाचपून पेला धरला. ते मास्तरांनी पाहिलं आणि त्यांची नजर टेबलावरून वर येईना.

"मार्ग विभागाचं म्हणणं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी कागद मास्तरांपुढे सरकवला. मास्तर उभे राहिले. ओळ समोर होती, सही खाली होती.

तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "साहेब, त्यांना कशाला त्रास? मार्ग बरोबरच होता. मी रेषा सोडली. चूक माझी आहे, मी लिहून द्यायला तयार आहे."

अधिकाऱ्यांनी लिहून घेण्यासाठी पेनचं टोपण काढलं. ते टोपण पेनाच्या मागच्या बाजूला लावेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाच मास्तरांच्या हातात उरला होता.

"दोष आढळला नाही," मास्तर म्हणाले, "कारण मी शोधलाच नव्हता."

ते इतकं हळू आलं की शेजारच्या बाईंनाही नीट ऐकू गेलं नसावं. अधिकाऱ्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. "काय म्हणालात? मोठ्याने बोला जरा."

कबुली एकदा द्यायला मास्तरांनी सगळं बळ एकवटलं होतं. दुसऱ्यांदा द्यायची तयारी केलेली नव्हती. त्यांनी टेबलाची कड धरली.

"मी मार्ग न तपासता सही केली," ते मोठ्याने म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तपासला. मार्ग चुकीचा होता. ते कळल्यावर बारा दिवस मी गप्प बसलो."

बाईंनी डोळे मिटून घेतले. भिंगरीकडे बघायची मास्तरांची हिंमत झाली नाही.

"चुकीचा म्हणजे कसा?" अधिकारी म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. कळेल असं सांगा."

आयुष्यभर मास्तरांना कोणी असं म्हटलं की आनंद व्हायचा. ते फळ्याशी गेले आणि चौकोन आखू लागले. हाताला सवय होती, रेघा सरळ आल्या. दोन चौकोन काळे केले, टोकाला टोक लावून. मधून तिरकी रेघ ओढली.

"हे दोन ढग. ही माझी रेषा. या इथे जागा किती आहे? काहीच नाही. हा नुसता ठिपका आहे." त्यांचा आवाज त्यांच्याच कानांना परका वाटत होता. "प्रोग्राममध्ये एक नियम होता, इथून जायचं नाही असा. तो मी तीन महिन्यांपूर्वी काढला. एका अडचणीच्या दिवशी काढला. परत लावला नाही."

"विसरलात?"

'हो' म्हटलं असतं तर चाललं असतं. विसरणं हे माणसाला शोभतं, वयाला तर शोभतंच. अधिकाऱ्यांनी तो शब्द जणू बसायला खुर्ची द्यावी तसा पुढे केला होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "लक्षात होतं. नियम नसला की मार्ग लवकर मिळायचे. लोक कौतुक करायचे. मला ते बरं वाटत होतं."

पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. मग परिचारिका बोलली, पहिल्यांदाच.

"नियम असता तर आम्ही कुठून गेलो असतो?"

मास्तरांनी फळ्यावर दक्षिणेकडून वळसा काढला. "नऊ मिनिटं जास्त लागली असती."

"नऊ?"

"नऊ."

"म्हाताऱ्याचा पाय मोडला होता फक्त," ती म्हणाली. "तो तासभर थांबला असता." आणि पट्टीची कड बोटाने दाबत राहिली. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"आणि हिने रेषा सोडली त्याचं काय?" अधिकाऱ्यांनी भिंगरीकडे पेन दाखवलं.

"रेषा सोडली म्हणूनच विमान धड खाली उतरलं. ढग त्या वेळी कुठून कुठे सरकत होते ते मी मांडून बघितलंय. सरळ गेली असती तर डावा ढग पूर्ण अंगावर आला असता. ती वळली तेच बरोबर होतं." मास्तरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे मला गेल्या गुरुवारपासून माहीत आहे."

म्हणजे चुकीच्या शोधात भिंगरी डोकं फोडत होती तेव्हा हे उत्तर तिच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर तयार होतं. हे खोलीत सगळ्यांना कळलं.

आणखी पाऊण तास प्रश्न चालले. कुठली तारीख, कुठली ओळ, कोणाला सांगितलं, कोणी सांगितलं. एक वाक्य लागेल असा मास्तरांचा अंदाज होता. शेवटी अधिकाऱ्यांनी कागद जुळवले. मास्तरांनी आजपासून प्रोग्रामला हात लावायचा नाही, भिंगरीच्या उडण्याबद्दलचा निर्णय दोन दिवसांत कळेल आणि तो तिच्या बाजूने असेल असं समजायला हरकत नाही, एवढं ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

बाहेरच्या बोळात मास्तर खिडकीशी उभे राहिले. परिचारिका भिंगरीचा हात धरून हळूहळू पुढे गेली. जिन्याजवळ भिंगरीने तिला बाकावर बसवलं आणि एकटी परत आली. तिच्या हातात मास्तरांची फाइल होती.

"ही आत राहिली."

"भिंगरे," मास्तर म्हणाले. "मी तुला काल सांगणार होतो."

"हो, ते कळलं आत्ता." तिने फाइल पुढे धरली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज अगदी नेमका होता, विमानातून बोलत असल्यासारखा. "बारा दिवस मी रोज त्या पांढऱ्या भिंतीत परत जात होते. डावीकडे का वळले म्हणून स्वतःला शिव्या देत होते. तुमच्या पायरीवर बसून तुम्हालाच सांगितलं ते."

"माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. फाइल त्यांच्या हातात ठेवली. "येते, मास्तर."

मास्तर. काका नाही. सगळी कचेरी म्हणते तसं.

ती बाकापाशी गेली, परिचारिकेला उठवलं आणि दोघी जिना उतरू लागल्या. प्रत्येक पायरीवर भिंगरी आधी स्वतः उतरत होती आणि मग तिचा हात खाली घेत होती. पावलांचा आवाज पार बंद होईपर्यंत मास्तर फाइल छातीशी धरून तिथेच उभे राहिले.

पुढच्या रविवारी त्यांना वाटलं होतं कोणी येणार नाही. गल्लीत बातमी पसरली होती. शिंपीणबाईंनी आपल्या बाजूची खिडकी लावून घेतली होती. पण चार मुलं आली. मुलांना रविवार म्हणजे चौकटीचा कागद, बाकी काही नाही. खालून तिसरी पायरी मोकळी होती. तिथे कोणी बसलं नाही, न सांगताच.

"भिंगरीताई नाही आली?" ठमीने विचारलं.

"नाही."

"तिचं विमान सुरू झालं ना?"

"झालं. परवापासून."

"मग सुट्टीच्या दिवशी का नाही आली?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. बायको ऐकत होती. मास्तरांनी चौकटीचा कागद मांडीवर घेतला. तो वाटायच्या आधी आज त्यांनी स्वतःच त्यावर दोन डबकी काढली, टोकाला टोक लावून.

"मी तिच्याशी वाईट वागलो," ते म्हणाले. "ऐका. एकदा एका माणसाने मुंगीला इथून पाठवलं." त्यांनी पेन्सिल त्या ठिपक्यावर टेकवली आणि मधून तिरकी रेघ ओढली.

मुलं पुढे सरकली. ठमीने कागद बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं.

"पण त्याला माहीत नव्हतं का, मुंगीला अंग असतं ते?"

"माहीत होतं," मास्तर म्हणाले. कान लाल झाले होते, मुलांना ते दिसत होतं, आणि त्यांनी ते दिसू दिलं. "चांगलं माहीत होतं. तोच ते सगळ्यांना शिकवायचा."

ठमीने थोडा विचार केला. मग तिने त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, खोडरबराने ती तिरकी रेघ खसाखसा खोडली, आणि कागद तसाच त्यांच्या मांडीवर ठेवून दिला.

"आता तुम्ही काढा," ती म्हणाली. "लांबून."